बेरजेला दिशा असते

अमोनिया आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइड या दोन वायूंच्या रेणूंची ठेवण सारखीच आहे. एका टोकाला नायट्रोजनचा अणू आणि त्याच्यापासून एकाच बाजूला पसरलेले तीन अणू. अमोनियात ते हायड्रोजनचे, दुसऱ्यात फ्लोरिनचे. इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्यात फ्लोरिनच्या तोडीचे मूलद्रव्य नाही. शाळेत शिकलेला नियम लावला तर फ्लोरिनचा रेणू जास्त ध्रुवीय, निदान अमोनियाच्या बरोबरीचा तरी, असायला हवा. प्रत्यक्ष मोजले तर अमोनियाचे द्विध्रुव परिबल १.४७ डेबाय भरते आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचे अवघे ०.२३. अमोनिया पाण्यात भराभर विरघळतो. हा दुसरा वायू पाण्याला जवळजवळ दादच देत नाही.

हे छोटे पुस्तक अशाच आकड्यांभोवती लिहिले आहे. काही रेणू इतरांपेक्षा जास्त ध्रुवीय का असतात, या प्रश्नाचे पाठ्यपुस्तकात एका ओळीचे उत्तर असते: बंधातल्या दोन अणूंच्या विद्युतऋणतेत फरक जितका जास्त, तितकी ध्रुवीयता जास्त. उत्तर खोटे नाही. पण ते बंधाबद्दलचे उत्तर आहे आणि प्रश्न रेणूबद्दलचा होता. बंधापासून रेणूपर्यंत जाताना वाटेत एक बेरीज करावी लागते, आणि ती दिशांसकट करायची असते. शिवाय त्या बेरजेत बंधांखेरीज आणखी काही पदे असतात, ज्यांची नोंद घ्यायला आपण हमखास विसरतो. विद्यार्थ्यांचा बहुतेक गोंधळ इथे होतो, आणि माझ्या मते त्यात त्यांच्या आकलनापेक्षा आपण घाईने दिलेल्या उत्तराचा दोष जास्त आहे.

आधी मोजायचे काय, ते ठरवू. रेणू एकंदरीत उदासीन असतो. केंद्रकांचा धन प्रभार आणि इलेक्ट्रॉनांचा ऋण प्रभार यांची रक्कम समान असते. तरीही सगळ्या धन प्रभाराचा मध्य आणि सगळ्या ऋण प्रभाराचा मध्य एकाच जागी पडेलच असे नाही. ते एकाच जागी पडले तर रेणू अध्रुवीय. एकमेकांपासून जरा सरकलेले असले तर रेणूला एक किंचित धन आणि एक किंचित ऋण टोक येते. प्रभार आणि हे सरकलेले अंतर यांचा गुणाकार म्हणजे द्विध्रुव परिबल. एका इलेक्ट्रॉनइतका प्रभार एक अँगस्ट्रॉम, म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग, दूर नेला तर ४.८ डेबाय होतात. पाण्याच्या रेणूचे परिबल १.८५ डेबाय आहे. म्हणजे सारे जीवन ज्याच्या आधारावर चालते तो असमतोल तसा बेताचाच आहे. तो गुणाकार आहे ही गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी, कारण पुढे निम्मी कोडी तिनेच सुटतात.

डेबाय हे एकक पीटर डेबाय यांच्या नावाचे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट गावी १८८४ साली जन्मलेले हे गृहस्थ १९११ मध्ये झुरिच विद्यापीठात आइन्स्टाइन यांच्या जागी प्राध्यापक झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी एक आखूड निबंध लिहिला. त्याकाळी विद्युतरोधी द्रव्यांची मोठी अडचण होती. दोन पत्र्यांमध्ये असे द्रव्य भरले की विद्युत धारकाची क्षमता वाढते, हे फॅरडेंपासून माहीत होते. विद्युतक्षेत्रामुळे प्रत्येक रेणूतले इलेक्ट्रॉन जरासे एका बाजूला ताणले जातात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाई. बऱ्याच द्रव्यांना ते लागू पडे. पाणी आणि अल्कोहोल मात्र या हिशेबात बसत नसत. त्यांचा परिणाम अवाच्या सवा मोठा होता, आणि तो तापमानाबरोबर घटत जाई. इलेक्ट्रॉन ताणले जाण्याचा तापमानाशी तसा संबंध नसावा.

डेबाय यांनी उत्तर शोधले ते चुंबकत्वाच्या शेजारातून. पॉल लान्जव्हँ यांनी १९०५ मध्ये असा विचार मांडला होता की काही पदार्थांतले अणू मुळातच छोटे चुंबक असतात. चुंबकीय क्षेत्र त्यांना एका दिशेत वळवू पाहते आणि उष्णतेची धांदल ती रांग मोडत राहते. डेबाय म्हणाले, काही रेणू मुळातच विद्युत द्विध्रुव असतात असे मानू, म्हणजे हाच हिशेब तिथेही लागतो. मग प्रतिसादाचे दोन भाग पडतात. ताणाचा भाग तापमानाने बदलत नाही. वळण्याचा भाग तापमानाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. वेगवेगळ्या तापमानांना मोजमाप घेऊन आलेख काढला की रेषेचा चढ थेट परिबल सांगतो. कार्बन टेट्राक्लोराइडची रेषा सपाट येते, म्हणजे कायमचा द्विध्रुव नाही. अमोनियाची चढती येते. इतक्या साध्या युक्तीने डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या रेणूच्या आतला प्रभाराचा झुकाव हाती आला. डेबाय यांचे ‘पोलर मॉलिक्यूल्स’ हे पुस्तक १९२९ मध्ये निघाले आणि १९३६ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्याच्या कारणांत हे काम होते.

क्षेत्रात रेणू ‘रांगेत उभे राहतात’ अशी चित्रे सर्वत्र दिसतात. ती फार अतिशयोक्त असतात, हे इथेच सांगून टाकतो. मीटरला दहा लाख व्होल्ट इतक्या जोरकस क्षेत्रातही पाण्याच्या एकेकट्या रेणूला वळवण्याची ऊर्जा ही खोलीच्या तापमानाच्या उष्ण धांदलीच्या सुमारे साडेसहाशेव्या हिश्शाएवढीच असते. रांग कुठेच लागत नाही. एका दिशेकडे नाममात्र कल तयार होतो, आणि रेणूंची संख्या अफाट असल्यामुळे तो कल उपकरणाला दिसतो.

आता मूळ ओढीकडे. सहसंयुज बंधात दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेतात, ही कल्पना गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली. वाटणी सारखीच असते असे नाही. ती किती विषम आहे याला आकडा देण्याचे काम लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये केले, आणि त्यांची पद्धत अनेक पुस्तकांत गाळली जाते म्हणून इथे सांगतो. हायड्रोजनच्या दोन अणूंमधला बंध तोडायला एका मोलला ४३६ किलोज्यूल लागतात, फ्लोरिनच्या दोन अणूंमधला तोडायला सुमारे १५९. हायड्रोजन आणि फ्लोरिन यांच्यातला बंध या दोहोंच्या सरासरीइतका, म्हणजे ३००च्या आत, असावा असे वाटते. तो निघतो सुमारे ५७०. हे जादा २७० किलोज्यूल आले कुठून? पॉलिंग यांचे म्हणणे असे की इलेक्ट्रॉनांची वाटणी विषम झाल्याने बंधाला थोडे आयनी रूप येते आणि ते त्याला जास्तीचे बळ देते. या जादा बळाच्या वर्गमुळावरून त्यांनी पट्टी आखली. आजच्या सुधारित आकड्यांत फ्लोरिन ३.९८, ऑक्सिजन ३.४४, क्लोरिन ३.१६, नायट्रोजन ३.०४, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२० आणि तळाला सीझियम ०.७९. पुढे इतरांनी वेगळ्या पायावर वेगळ्या पट्ट्या आखल्या. क्रम बहुतांशी तोच राहिला.

फ्लोरिनच का? त्याच्या केंद्रकात नऊ प्रोटॉन आहेत आणि बाहेरच्या कवचाला झाकायला आत फक्त दोन इलेक्ट्रॉन. झाकण कमी, अंतरही कमी, म्हणून ओढ जोरात पोचते. आवर्त सारणीत डावीकडून उजवीकडे जाताना प्रोटॉन वाढतात पण आतले झाकण तेच राहते. वरून खाली येताना कवचे वाढतात आणि केंद्रक दूर पडते. सारा क्रम या दोन वाक्यांत बसतो. हायड्रोजन हॅलाइडांमध्ये तो स्वच्छ दिसतो: फ्लोराइड १.८३ डेबाय, क्लोराइड १.११, ब्रोमाइड ०.८३, आयोडाइड ०.४५. एक इलेक्ट्रॉन पुरता पलीकडे गेला असता तर किती परिबल आले असते, त्याच्याशी तुलना केली तर हायड्रोजन फ्लोराइड सुमारे ४१ टक्के आयनी ठरतो, क्लोराइड १८ टक्के. मिठाचा एकेकटा रेणू वाफेत मोजला तर ९ डेबाय, जवळपास ८० टक्के. म्हणजे ज्याला आपण आयनी संयुगाचा नमुना म्हणतो तेही वाफेत शंभर टक्के भरत नाही. सहसंयुज आणि आयनी ही दोन वेगळी दालने असल्याची समजूत या एका आकड्याने ढिली होते.

इथवर एका ओळीचे उत्तर नीट चालते. आता ते अडखळू लागते. मिथेनमधल्या एका हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन बसवला तर परिबल १.८६ डेबायच्या आसपास येते. क्लोरिन बसवला तर १.८९. ओढ कमी असलेल्या क्लोरिनने किंचित का होईना बाजी मारली. कारण मघाचा गुणाकार. कार्बन आणि फ्लोरिन यांच्यातले अंतर सुमारे १.३८ अँगस्ट्रॉम, कार्बन आणि क्लोरिनमधले १.७८. प्रभार थोडा कमी सरकला, पण लांबवर सरकला. परीक्षेत ‘जास्त विद्युतऋणता, म्हणून जास्त ध्रुवीय’ असे लिहून गुण मिळवणाऱ्याला या जोडीने नक्की गोत्यात आणता येईल.

यापेक्षा मोठी गोष्ट आकाराची. कार्बन डायऑक्साइडमधले दोन्ही बंध चांगले ध्रुवीय आहेत. तरी रेणूचे परिबल शून्य. तीन अणू एका सरळ रेषेत आहेत, दोन्ही ऑक्सिजन दोन विरुद्ध दिशांना सारख्याच जोराने ओढतात. नांगराला जुंपलेले बैल एकमेकांकडे पाठ करून ओढू लागले तर नांगर जागचा हलत नाही, तसेच हे. पाण्यात दोन बंधांमधला कोन १०४.५ अंशांचा आहे, म्हणून ओढ पुरती खोडली जात नाही. प्रत्येक बंधाच्या वाट्याला सुमारे दीड डेबाय धरले आणि कोनाचा हिशेब केला की १.८५ बरोबर जुळते. सल्फर डायऑक्साइडही वाकलेला, त्याचे परिबल १.६३.

इतिहासात हा युक्तिवाद उलट्या बाजूने चालला, आणि मला तो जास्त देखणा वाटतो. आज आपण आकार आधी सांगतो आणि परिबल मागून काढतो. १९२०च्या दशकात लहान रेणूंचे आकार पक्के ठाऊक नव्हते. परिबल मात्र मोजता येत होते. कार्बन डायऑक्साइडचे शून्य आले म्हणून तो सरळ. पाण्याचे शून्य आले नाही, म्हणून तो सरळ असणे शक्यच नाही. पाण्याचा रेणू वाकडा आहे हे सांगणाऱ्या सुरुवातीच्या पुराव्यांत तापमान बदलून घेतलेली ही विद्युत मोजमापे होती. रसायनशास्त्रात एक शून्य एवढे बोलके क्वचितच ठरले असेल.

आकाराची करामत क्लोरिनच्या संयुगांत मन लावून पाहावी. क्लोरोमिथेन १.८९, डायक्लोरोमिथेन १.६०, क्लोरोफॉर्म १.०४, कार्बन टेट्राक्लोराइड शून्य. ध्रुवीय बंध एकेक करून वाढवत नेले आणि रेणूची ध्रुवीयता कमी होत गेली. चतुष्फलकाच्या चारही कोपऱ्यांत सारखाच अणू बसला की बेरीज संपूर्ण खोडली जाते. डायक्लोरोबेंझीनचे तीन भाऊ घ्या: दोन क्लोरिन शेजारी असले तर २.५ डेबाय, एक घर सोडून असले तर १.७, समोरासमोर असले तर शून्य. अणू तेच, बंध तेच, फक्त जागा वेगळ्या. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या या नॅफ्थलिनच्या असोत किंवा समोरासमोरच्या डायक्लोरोबेंझीनच्या, दोन्ही रेणूंचे परिबल शून्यच आहे.

मात्र यावरून ‘ध्रुवीय म्हणजे उशिरा वितळणारा, उशिरा उकळणारा’ असे सूत्र बांधू नये. समोरासमोरचा भाऊ ५३ अंश सेल्सिअसला वितळतो, इतर दोघे शून्याखाली गेल्याशिवाय गोठत नाहीत. डायक्लोरोइथीनच्या दोन रूपांत तर दोन्ही तऱ्हा एकत्र दिसतात. दोन्ही क्लोरिन एका बाजूला असलेले रूप १.९० डेबायचे, ते ६० अंशांना उकळते. विरुद्ध बाजूंना असलेले शून्याचे, ते ४८ अंशांना. उकळण्यात ध्रुवीय रूप पुढे. वितळण्यात मात्र ध्रुवीय रूप उणे ८० अंशांना, अध्रुवीय उणे ५०ला. घन अवस्थेत रेणू एकमेकांत किती सुबक रचले जातात हा वेगळा प्रश्न आहे, आणि सुबक रेणू त्यात जिंकतो.

मग सुरुवातीच्या नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचे काय? त्याचा आकार तर अमोनियासारखाच आहे, बंधही खोडले जात नाहीत. इथे बेरजेतले विसरलेले पद पुढे येते. नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनांची एक जोडी कोणत्याही बंधात न गुंतता एका बाजूला बसलेली असते. तिचाही स्वतःचा द्विध्रुव आहे, आणि तो लहान नाही. अमोनियात हायड्रोजनपेक्षा नायट्रोजन जास्त ओढणारा, म्हणून तीन बंधांची ओढ नायट्रोजनकडे. एकाकी जोडीही त्याच बाजूला. दोन्ही मिळून १.४७. ट्रायफ्लोराइडमध्ये बंधांची ओढ फ्लोरिनकडे, म्हणजे जोडीच्या बरोबर विरुद्ध. दोन मोठ्या रकमा एकमेकींना खाऊन टाकतात आणि ०.२३ उरतात. बंध दुबळे असल्याने आलेली ही शिल्लक नव्हे.

एकाकी जोड्यांचा आणखी एक चमत्कार कार्बन मोनॉक्साइडमध्ये आहे. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या विद्युतऋणतेत ०.८९चा फरक, दोनच अणू, म्हणजे आकाराने खोडले जाण्याची पळवाटही नाही. परिबल चांगले एक-दोन डेबाय हवे. ते आहे ०.११. आणि ऋण टोक कार्बनचे आहे. ऑक्सिजन बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो हे खरेच, पण कार्बनवरची जोडी बाहेरच्या बाजूला एवढी फुगून पसरलेली असते की ती ओढ भरून काढून वर थोडे शिल्लक टाकते. ही दिशा दीर्घकाळ वादात होती. १९५८ साली सूक्ष्मलहरींच्या वर्णपटावरून ती पक्की झाली. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या लोहाला हा विषारी वायू चिकटतो तोही कार्बनच्याच टोकाने.

ओझोनने तर एका ओळीच्या उत्तराला जागाच ठेवलेली नाही. तिन्ही अणू ऑक्सिजनचे, विद्युतऋणतेतला फरक शून्य, तरी परिबल ०.५३ डेबाय. वाकलेल्या रेणूत मधल्या अणूची परिस्थिती टोकांच्या अणूंपेक्षा निराळी असते. तो किंचित धन राहतो, टोके किंचित ऋण. त्याच जातीतले ॲझुलीनही: नॅफ्थलिनइतकेच दहा कार्बन आणि आठ हायड्रोजन, पण सहा-सहाच्या दोन कड्यांऐवजी पाच आणि सात अणूंची कडी. सात अणूंच्या कड्यातून पाचाच्या कड्याकडे इलेक्ट्रॉन झुकतात, परिबल एक डेबायच्या आसपास येते. शिवाय पदार्थ गडद निळा. ही निळाई पाहिल्यावर हायड्रोकार्बन म्हणजे अध्रुवीय आणि बेरंगी, हे गृहीतक डळमळते. आणि जिथे कड्याच्या दोन टोकांना एक देणारा आणि एक घेणारा गट बसवलेला असतो तिथे बेरीज भागांच्या एकूण रकमेपेक्षा मोठी येते. ॲनिलीन दीड डेबाय, नायट्रोबेंझीन ४.२, आणि दोन्ही गट समोरासमोर असलेले पॅरा-नायट्रोॲनिलीन सहाच्या वर. देणारा गट घेणाऱ्याला कड्यातून आणखी पुरवठा करतो.

एकेकट्या रेणूची गोष्ट इथे संपते आणि द्रवाची सुरू होते. बोलताना आपण दोन्हींना ‘ध्रुवीय’ म्हणतो. निम्मे वाद या सरमिसळीतून उपजतात. ॲसिटोनायट्राइलच्या रेणूचे परिबल ३.९ डेबाय आहे, पाण्याच्या दुपटीहून जास्त. पण दोन प्रभारांमधली ओढ द्रव किती पटींनी सौम्य करतो, ते सांगणारा डायइलेक्ट्रिक स्थिरांक पाहिला तर ॲसिटोनायट्राइल ३७च्या जवळपास आणि पाणी ७८. रेणू दुबळा, द्रव बलवान. पाण्यातले रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात, त्यामुळे एक वळला की शेजारीही त्याच अंगाने वळतात. शिवाय शेजाऱ्यांच्या क्षेत्राने प्रत्येकाचे परिबल वायूतल्या १.८५ वरून २.६ ते ३ डेबायपर्यंत फुगते. फॉर्मामाइड या दोन्ही बाबतींत सरस, म्हणून त्याचा स्थिरांक ११०च्या घरात. पाणी तापवले की हा आकडा घसरतो: गोठणबिंदूला ८८, उत्कलनबिंदूला ५५च्या थोडा वर. डेबाय यांची उष्ण धांदल इथेही आपले काम करत असते.

विरघळण्याचा हिशेब आणखी वेगळा. इथॅनॉल, ब्युटॅनॉल, ऑक्टॅनॉल या तिघांची परिबले १.७ डेबायच्या आसपास. इथॅनॉल पाण्यात कितीही मिसळते, ब्युटॅनॉल १०० मिलिलिटरला सात-आठ ग्रॅमच, ऑक्टॅनॉल जवळजवळ नाहीच. टोकाचा ध्रुवीय तुकडा तोच आहे, मागची कार्बनची शेपटी लांबली आहे. उलट डायऑक्सेन पाहा. त्याचे दोन ऑक्सिजन समोरासमोर, परिबल जवळपास शून्य, स्थिरांक अवघा २.२; तरी ते पाण्यात वाटेल त्या प्रमाणात मिसळते, कारण दोन्ही ऑक्सिजन पाण्याशी हायड्रोजन बंध जोडू शकतात. पाण्याला रेणूची एकंदर बेरीज ठाऊक नसते, त्याला समोर आलेला तुकडा दिसतो. हळदीतल्या कर्क्युमिनच्या रेणूत ऑक्सिजनचे सहा अणू असूनही मोठा कार्बनी सांगाडा त्याला पाण्यात उतरू देत नाही. फोडणीच्या तेलात मात्र हळद आपला रंग लगेच सोडते. औषधे बनवणारे लोक म्हणूनच परिबलाच्या तक्त्यावर विसंबत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजात कॉर्विन हान्श यांनी १९६०च्या दशकात रूढ केलेली कसोटी ते वापरतात: ऑक्टॅनॉल आणि पाणी एका भांड्यात घ्यावे, पदार्थ टाकावा, हलवावे आणि कुठल्या थरात किती गेला ते मोजावे.

ध्रुवीयतेच्या नावावर खपणाऱ्या दोन दाखल्यांबद्दल थोडे बोलायला हवे. केसांवर घासलेला कंगवा नळाच्या बारीक धारेजवळ नेला की धार वळते, आणि ‘पाण्याचे रेणू ध्रुवीय म्हणून’ असे कारण दिले जाते. पण एकसमान क्षेत्र द्विध्रुवाला फक्त फिरवते, ओढत नाही. धारेवर नळातून विरुद्ध प्रभार येतो आणि ती प्रभारित वस्तूसारखी खेचली जाते, हे ‘जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन’ने २००० साली छापलेल्या एका लेखात प्रयोगांसह दाखवले आहे. तरी शाळांतून जुने कारण चालूच आहे. दुसरा दाखला मायक्रोवेव्ह ओव्हनचा. त्यातल्या २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्याच्या ‘नेमक्या कंपनाशी’ जुळवलेल्या असतात, ही समजूत चूक. क्षेत्राची दिशा सतत उलटत असते, रेणू तिच्यामागे वळू पाहतात आणि शेजाऱ्यांना धक्के देतात, तीच उष्णता. बर्फात रेणू जागच्या जागी जखडलेले, म्हणून बर्फ या लहरी फारशा शोषत नाही. गोठलेला पदार्थ एका कोपऱ्यात उकळतो आणि मधोमध दगडासारखा राहतो, त्याचे कारण हेच.

कार्बन डायऑक्साइडकडे मात्र पुन्हा वळावे लागते. परिबल शून्य असलेला हा रेणू पृथ्वीची उष्णता अडवतो कसा? अवरक्त किरण शोषायला कायमचा द्विध्रुव लागत नाही, कंपनात बदलणारा द्विध्रुव पुरतो. रेणू वाकतो तेव्हा क्षणभर सममिती मोडते आणि परिबल जन्माला येते; १५ मायक्रोमीटरच्या किरणांना तो नेमका तिथे पकडतो. कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन कसेही ताणले तरी दोन्ही बाजू सारख्याच राहतात, म्हणून ते या किरणांना पारदर्शक. जॉन टिंडल यांनी १८५९ पासून लंडनमध्ये हा फरक मोजला, तेव्हा द्विध्रुवाची कल्पना अर्धशतक दूर होती. दोन्ही ऑक्सिजन एकदम बाहेर आणि एकदम आत जाण्याचे कंपन मात्र अवरक्ताला दिसत नाही. ते दिसते १९२८ साली कोलकात्यात सापडलेल्या रामन परिणामात, कारण तिथे लागतो तो इलेक्ट्रॉनांच्या ताणले जाण्याच्या क्षमतेतला बदल.

पुस्तकात काय नाही तेही सांगतो. पुंज यांत्रिकीची गणिते नाहीत. प्रथिनांतले द्विध्रुव आणि पेशीचे पडदे फक्त उल्लेखापुरते आहेत, कारण त्यांना स्वतंत्र ग्रंथ हवा. एरवी दिलेली परिबले शक्य तिथे वायुरूप रेणूंची आहेत. दुसऱ्या तक्त्यांत दशांशाच्या दुसऱ्या घरात फरक दिसला तर तो द्रावणातल्या मोजमापांचा असू शकतो. आकृत्यांतला बाण रसायनशास्त्राच्या रिवाजाप्रमाणे धन टोकाकडून ऋण टोकाकडे काढला आहे आणि त्याच्या शेपटाशी अधिकचे चिन्ह आहे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत तो ऋणाकडून धनाकडे जातो, तेव्हा दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचणाऱ्याने सावध राहावे. कार्बन मोनॉक्साइडच्या आकृतीत बाण ऑक्सिजनकडून कार्बनकडे गेलेला दिसेल. ती छपाईची चूक नाही.